घनश्यामचा धनश्याम होऊ नये म्हणून

प्रश्न : आम्ही पती-पत्नी नागपुरात, महाल भागातील राहत्या घरी डीटीपीचा व्यवसाय करतो. लग्नपत्रिका, स्मरणिका आणि काही छोट्या नियतकालिकांची पाने ही आमची मुख्य कामे. अक्षरजुळणी व मांडणी मी करतो, प्रुफे पत्नी वाचते. दोघांनीही पन्नाशी ओलांडली आहे. संगणक २०१४ मधला आहे : इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, एच-८१ मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क, विंडोज १० आणि १६०० बाय ९०० चा २० इंची मॉनिटर. पेजमेकर आणि कोरलड्रॉ या मांडणीच्या व चित्रांच्या प्रोग्रामांवर काम चालते. मागील महिन्यात एका पत्रिकेत वरपित्याच्या नावातील ‘घनश्याम’चा ‘धनश्याम’ झाला आणि ४०० पत्रिका पदरच्या पैशांनी पुन्हा छापून द्याव्या लागल्या. त्यानंतर नवा, अधिक स्पष्ट पडदा घ्यायचे ठरले. दुकानदार म्हणतो, २७ इंची फोर के (३८४० बाय २१६० ठिपक्यांचा) मॉनिटर आणि काचेच्या कॅबिनेटचा, मोठ्या ग्राफिक्स कार्डाचा संगणक एक लाख दहा हजारांत घ्या. पुण्याचा भाचा म्हणतो, संगणक तोच ठेवा, फक्त फोर के मॉनिटर जोडा. माझ्याजवळ ७० हजार रुपये आहेत. कोणाचे ऐकावे?

— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

दुकानदार आणि भाचा यांचे प्रत्येकी अर्धे बरोबर आहे. मॉनिटर फोर के घ्यावा, याबाबत दोघांशीही मी सहमत आहे. भाचा ठेवायला सांगतो तो आपला जुना संगणक त्या मॉनिटरला पुरणार नाही आणि दुकानदाराच्या संगणकातील बराच पैसा आपल्या कामाच्या उपयोगाचा नाही.

प्रथम ‘घ’ आणि ‘ध’चा प्रश्न पाहू, कारण खरेदीचे मूळ तेथे आहे. आपल्या २० इंची पडद्यावर एका इंचात सुमारे ९२ ठिपके बसतात. १० पॉइंटचा मजकूर छापील आकारात पाहिला, तर मात्रा, शिरोरेषा, अक्षराचा देह आणि खालचा उकार या सर्वांसाठी मिळून ठिपक्यांच्या जेमतेम १३ ओळी मिळतात. इंग्रजी अक्षराचे तेवढ्यात भागते. देवनागरीत ‘र्ष्ट्र’ किंवा ‘द्ध’ त्याच १३ ओळींत कोंबावे लागते, आणि मग ‘घ’च्या माथ्यावरची रेघ जोडलेली आहे की ‘ध’सारखी सुटलेली, हे डोळा पाहत नाही, तो ते ओळखीवरून ठरवतो. प्रूफ वाचणाऱ्याने ओळखीवर विसंबणे म्हणजे चूक निसटण्याची वाट मोकळी करणे होय. २७ इंची फोर के पडद्यावर इंचाला सुमारे १६३ ठिपके असतात, त्यामुळे त्याच अक्षराला जवळपास २३ ओळी मिळतात आणि अनुस्वार, रफार, अर्धा ‘र’ हे आपापल्या जागी वेगळे दिसू लागतात.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. अनेक जण मोठा पडदा आणि स्पष्ट पडदा एकच मानतात. २४ इंची फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८० चा मॉनिटर आपण घेतलात, तर त्यावरही इंचाला सुमारे ९२ ठिपकेच पडतील. जागा वाढेल, अक्षराची घडण तीच राहील. उलट बाजूने, २७ इंचांत ५१२० बाय २८८० ठिपक्यांचे फाइव्ह के मॉनिटरही मिळतात, परंतु त्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही. साठ सेंटिमीटर अंतरावरून निरोगी डोळ्याला साधारण पावणेदोन दशांश मिलिमीटरपर्यंतचा तपशील सुटा दिसतो आणि २७ इंची फोर के पडद्यावरील ठिपका त्याहून थोडा बारीकच, ०.१५५ मिलिमीटरचा असतो. त्यापुढची बारीकी आपल्या वयाच्या डोळ्यांपर्यंत फारशी पोहोचत नाही.

डोळ्यांचा विषय निघालाच आहे, तर खरेदीपूर्वी दोघांनीही चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा. चाळिशीचा चष्मा बहुधा हातातले पुस्तक वाचण्याच्या, म्हणजे सुमारे ४० सेंटिमीटरच्या अंतरासाठी असतो आणि मॉनिटर असतो ६० ते ७० सेंटिमीटरवर. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे दूरचा व जवळचा नंबर एकत्र असलेली काच असेल, तर तिच्या खालच्या भागातून पाहण्यासाठी हनुवटी वर करावी लागते आणि सायंकाळपर्यंत मान आखडते. नेत्रतज्ज्ञाला अंतर मोजून सांगावे आणि केवळ संगणकासाठी वेगळा चष्मा करून घ्यावा. या चष्म्यावाचून पंचवीस हजारांचा मॉनिटरही धूसरच दिसेल. मॉनिटरचा स्टँड खालीवर होणारा असावा, असा आग्रह मी याच कारणासाठी धरतो.

आता भाच्याच्या सूचनेविषयी. फोर के पडद्यावर सुमारे ८३ लाख ठिपके असतात. ते सेकंदाला ६० वेळा रंगवायचे, तर सेकंदाला जवळपास १२ अब्ज बिट माहिती केबलमधून जावी लागते. आपल्या संगणकाच्या पिढीतील एचडीएमआय, म्हणजे मॉनिटरची केबल जोडण्याचे पोर्ट, १.४ आवृत्तीचे आहे आणि त्यातून प्रत्यक्षात सुमारे आठ अब्जच जातात, म्हणून फोर केला ते सेकंदाला ३० चित्रांवर थांबते. चित्र दिसते, पण माउस हलवला की बाण अडखळत येतो, ओळ सरकवताना ती हाताच्या मागे राहते आणि दोन तासांत डोके दुखू लागते. त्या पिढीतील डिस्प्लेपोर्ट असलेल्या मदरबोर्डांवरून ६० मिळत असे, परंतु एच-८१ च्या स्वस्त बोर्डांवर बहुधा व्हीजीए, डीव्हीआय आणि एचडीएमआय एवढेच असते. मागील बाजू एकदा पाहून खात्री करून घ्यावी. छोटे ग्राफिक्स कार्ड टाकून हा अडथळा दूर करता येतो, हे मान्य. पण त्या बोर्डावर रॅमचे दोनच खण आहेत, डीडीआर-३ रॅम १६ जीबीच्या पुढे जात नाही, आणि मुख्य म्हणजे विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून विंडोज ११ साठी इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आडमार्गाने विंडोज ११ चढवून देणारे दुकानदार भेटतील, ग्राहकांच्या फायली ज्या यंत्रावर आहेत त्यावर तो प्रयोग करू नये. अकरा-बारा वर्षे इमाने सेवा केलेल्या संगणकावर आता नवे कार्ड घालणे म्हणजे जुन्या सदऱ्याला जरीचे काठ लावणे.

दुकानदाराच्या प्रस्तावात खर्चाचा मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाचा आहे. ते कार्ड खेळांसाठी, त्रिमिती चित्रांसाठी आणि जड व्हिडिओ संपादनासाठी उपयोगी पडते. पान मांडताना ते बहुतेक वेळ स्वस्थ बसून असते. आजच्या साध्या प्रोसेसरमध्ये अंगभूत असलेले ग्राफिक्स एक फोर के पडदा ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांनी, सहज चालवते. मात्र येथे एक खोच आहे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असतो, त्यात हे अंगभूत ग्राफिक्स नसते. आय-५ १२४०० मध्ये आहे, १२४००एफ मध्ये नाही. एएमडीच्या रायझेन ५ ५६०० मध्ये नाही, ५६००जी मध्ये आहे. कोटेशनमध्ये हजार-दीड हजार वाचवण्यासाठी ‘एफ’ घातला जातो आणि मग कार्ड घेणे भाग पडते. ते एक अक्षर प्रुफाप्रमाणे तपासावे.

७० हजारांची वाटणी मी अशी करीन : सुमारे २५ हजार मॉनिटरसाठी प्रथमच बाजूला काढून ठेवावेत आणि उरलेल्यात संगणक बसवावा. हा क्रम उलटा करू नये, कारण संगणक सहा-सात वर्षांत जुना वाटू लागतो, चांगला मॉनिटर दहा वर्षे डोळ्यांसमोर राहतो. याच कारणाने पडद्यातच संगणक असलेले ऑल-इन-वन यंत्र आपण घेऊ नये. ते टेबलावर सुबक दिसते, पण आतले जुने झाले की चांगला पडदाही त्याच्यासोबत जातो.

मॉनिटर आयपीएस पॅनेलचा (बाजूने पाहतानाही रंग फारसे न बदलणारा), चकाकी नसलेल्या पृष्ठभागाचा आणि एसआरजीबी या प्रमाणित रंगपट्ट्यातील रंगांची जवळपास पूर्ण व्याप्ती सांगणारा असावा. वक्र पडदा नको, त्यावर पानाची सरळ कड वाकडी भासते. १४४ हर्ट्झचा आग्रहही नको. टीव्ही स्वस्त पडतो म्हणून तो मॉनिटरऐवजी वापरण्याचा मोह होतो, पण अनेक टीव्ही आणि जुन्या जोडण्या रंगांची माहिती अर्ध्यावर आणून दाखवतात. काळे अक्षर बरे दिसते, मात्र पिवळ्यावर लाल अक्षरांतील ‘॥ श्री गणेशाय नमः ॥’ कडांना फुटलेले दिसते, आणि आपल्या धंद्यात लाल-पिवळ्याशिवाय पत्रिका होत नाही. घरी आणल्यावर ब्राइटनेस कमी करावा. नवा मॉनिटर दुकानात उठून दिसण्यासाठी भगभगीत ठेवलेला असतो. पडद्यावरचा पांढरा रंग शेजारी धरलेल्या कोऱ्या कागदाइतकाच उजळ दिसेल इतपत तो उतरवला, की छापून आलेला रंग आणि पडद्यावरचा रंग यांतील तक्रारी निम्म्याने कमी होतात.

संगणकाबाबत : अंगभूत ग्राफिक्स असलेला सहा कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, किमान ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी (हार्डडिस्कऐवजीची वेगवान, चिपची डिस्क), ४५० ते ५५० वॉटचा चांगल्या कंपनीचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा भाग) आणि पुढून जाळी असलेले साधे कॅबिनेट एवढे पुरे. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे बरेच चढले आहेत, त्यामुळे कोटेशन घेतले त्याच दिवशीचा भाव धरावा. बजेट फुटू लागले, तर प्रोसेसर चार कोअरच्या आय-३ वर आणावा, पण मॉनिटर आणि एसएसडीला हात लावू नये. हार्डडिस्कवरून एसएसडीवर आल्याचा फरक आपल्याला पहिल्याच दिवशी जाणवेल, आय-३ आणि आय-५ मधला फरक पान मांडताना शोधावा लागेल. रॅम एकाच पट्टीत घेऊन दुसरा खण मोकळा ठेवावा. दोन पट्ट्यांनी अंगभूत ग्राफिक्सचा वेग थोडा वाढतो हे खरे, परंतु पुढे भाव उतरल्यावर तेवढ्याच क्षमतेची दुसरी पट्टी घालता येणे मला अधिक मोलाचे वाटते. पुढील अपग्रेड सोपे जावे म्हणून बोर्डावर अशी एसएसडी बसवण्याचे, म्हणजे एम.२ चे, दोन खण असावेत.

मदरबोर्ड निवडताना मागील एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टवर फोर के ६० हर्ट्झ मिळते का, हे कंपनीच्या माहितीपत्रकात स्वतः वाचावे. नव्या प्रोसेसरच्या स्वस्त बोर्डावरही जुन्या आवृत्तीचे एचडीएमआय बसवलेले असू शकते, आणि तसे निघाले तर भाच्याचाच प्रयोग आपण ७० हजारांत केला असे होईल. मॉनिटरच्या खोक्यातील केबलच वापरावी. मी स्वतः एकदा घरातली जुनी केबल लावून दोन दिवस नव्या यंत्राला नावे ठेवत बसलो होतो. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० ऐवजी ३० हर्ट्झ दिसत होते, ते पाहण्याचे मला तिसऱ्या दिवशी सुचले.

यानंतर पेजमेकर. आपल्या पत्रातील सर्वांत अवघड बाब हीच आहे, आणि दुकानदार किंवा भाचा यांपैकी कोणीही तिचा उल्लेख केलेला नाही. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ सालची. तेव्हा इंचाला ९६ ठिपके हेच गृहीत होते. २७ इंची फोर केवर विंडोज साधारणपणे सर्व काही दीडपट मोठे (१५० टक्के स्केलिंग) करून दाखवते. नवे प्रोग्राम त्यानुसार अक्षरे नव्याने, बारीक रेखतात, पेजमेकरला ते कळत नाही, म्हणून विंडोज त्याचे चित्र नुसते ताणते. परिणामी महागड्या पडद्यावर मजकूर पूर्वीपेक्षाही पुसट दिसतो आणि माणूस मॉनिटर परत करायला निघतो. त्यावर उपाय आहे. पेजमेकरच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, त्यात कंपॅटिबिलिटी, त्यात हाय डीपीआय सेटिंग येथे जावे आणि स्केलिंग ‘ॲप्लिकेशन’ने करावे असे निवडावे. मग पानावरील अक्षर धारदार होते. मेनू आणि टूलबॉक्स मात्र बारीक होतात, त्यांची सवय करून घ्यावी लागते, आणि नवा चष्मा येथेच उपयोगी पडतो.

या मांडणीत पेजमेकरमधील १०० टक्के म्हणजे छापील आकार राहत नाही, तो सुमारे ५९ टक्के होतो. २०० टक्के ठेवल्यास अक्षर छापील आकाराहून थोडेसे मोठे, वाचायला सोयीचे दिसते. त्या आकारात ए-४ पानाला उभे सुमारे २,२४५ ठिपके लागतात आणि पडद्याची उंची २,१६० आहे, म्हणजे जवळपास पूर्ण पान, किंबहुना आमनेसामनेची दोन पाने एकत्र दिसतात. जुन्या पडद्यावर १०० टक्क्यांतही पानाचा पायथा खाली दडलेला असे. स्मरणिकेची पाने जुळवताना रकान्यांची उंची एका नजरेत पडताळता येणे, हा लाभ आपण धरलेला नाही, पण तो ‘घ’-‘ध’इतकाच मोठा ठरेल. मेनू इतके बारीक चालणारच नाहीत असे वाटत असेल, तर २७ इंचीच, पण २५६० बाय १४४० चा मॉनिटर घ्यावा. त्यावर १०० टक्के स्केलिंगने पेजमेकर आहे तसा चालतो, इंचाला १०९ ठिपके मिळतात आणि बरेच पैसे वाचतात. माझा कौल फोर केकडे आहे, कारण कोरलड्रॉची अलीकडची आवृत्ती आणि युनिकोड मजकूर यांकडे आपल्याला आज ना उद्या जावेच लागेल.

देवनागरी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचे लॉक, ज्याला आपण डोंगल म्हणतो, ते कोणत्या प्रकारचे आहे हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. यूएसबीचे असेल, तर विंडोज ११ साठी त्याचा ड्रायव्हर मिळतो का, हे विक्रेत्याला विचारावे. प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टात बसणारे असेल, तर नव्या बोर्डांवर ते पोर्ट सहसा नसतेच. म्हणूनच जुना संगणक विकू नये. एक्स्चेंजमध्ये त्याचे मिळतील किती? त्यात छोटी, साटा या जुन्या जोडणीची एसएसडी घालावी, इंटरनेटची जोडणी काढून टाकावी आणि जुन्या नियतकालिकांच्या फायली उघडण्यासाठी तो कोपऱ्यात ठेवावा. २०१४ च्या हार्डडिस्कवरील सर्व काम मात्र आजच, हे उत्तर वाचून झाल्याबरोबर, दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावे. तिचे वय आता भरवशाचे राहिलेले नाही.

नागपूरच्या उन्हाळ्यासाठी काही सांगणे प्राप्त आहे. बहुतेक मॉनिटरच्या माहितीपत्रकात वापराची मर्यादा ४० अंश दिलेली असते. बाहेर ४५ च्या वर असताना माडीवरच्या स्लॅबखालील खोली दुपारी त्या मर्यादेला सहज टेकते. काचबंद कॅबिनेट मला नको वाटते ते मुख्यतः यासाठी, आतली गरम हवा त्यात कोंडते. कूलर लावावा, परंतु त्याचा झोत थेट संगणकावर येऊ देऊ नये, कारण ओलसर हवेबरोबर आलेली धूळ पंख्यावर आणि बोर्डावर चिकटून बसते आणि वाळल्यावर नुसत्या फुंकरीने निघत नाही. नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, सुरू होण्याआधी एकदा कॅबिनेट उघडून साफ करून घ्यावे. घरगुती वापराचा ६०० व्हीएचा साधा यूपीएस सुमारे ३६० वॉटचा भार उचलतो. मी सुचवलेला संगणक मॉनिटरसह त्यात आरामात बसतो, मोठ्या कार्डाचा संगणक भर कामात तो यूपीएस बंद पाडू शकतो. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर तो दोष संगणकाचा न मानता इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासावे.

सीताबर्डीतील दोन-तीन दुकानांतून एकाच यादीवर कोटेशन घ्यावे आणि त्यात विंडोज ११ चा परवाना वेगळ्या ओळीत लिहून मागावा, ‘विंडोज टाकून देऊ’ हे उत्तर मान्य करू नये. आपली जीएसटी नोंदणी असेल, तर बिल व्यवसायाच्या नावे घ्यावे म्हणजे १८ टक्के कराचे क्रेडिट मिळू शकेल. बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर असावा. मॉनिटरची वॉरंटी नागपुरातच पुरी होते की तो बाहेरगावी पाठवावा लागतो, आणि मेलेला ठिपका निघाल्यास किती दिवसांत बदलून मिळतो, हे लेखी घ्यावे. दुकानातच पडदा पूर्ण पांढरा, मग पूर्ण काळा करून पाहावा.

जाताना पेन ड्राइव्हवर त्या ‘घनश्याम’च्या पत्रिकेची पीडीएफ, चुकीची आणि दुरुस्त अशी दोन्ही, सोबत न्यावी आणि छापील आकारात पत्नीला वाचायला द्यावी. कोणत्या पडद्यावर ती चूक न सांगता सापडते, ते त्यांनाच ठरवू द्यावे, कारण प्रुफे त्या वाचतात. आणि बटर, म्हणजे छपाईसाठीची बटर पेपरवरील प्रत, काढण्यापूर्वी नावांचे एक प्रूफ कागदावर घेण्याची जुनी पद्धत नव्या मॉनिटरनंतरही चालू ठेवावी, त्याला खर्च एका पानाचा येतो.